फार्मसीच्या पदवीला अनुभवी माणसाची जोड

फार्मसीच्या विद्यार्थ्यांना नेतृत्व शिकवायचे म्हटले की आपल्याकडे लगेच व्याख्यान ठरते. पाहुणे येतात, यशाची सूत्रे सांगतात, शाल-श्रीफळ घेऊन जातात. मुलांकडे फोटो उरतो. त्यापेक्षा प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षभरासाठी त्याच क्षेत्रातला एक अनुभवी माणूस जोडून द्यावा, असे मला वाटते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. औषधे हा माझा विषय नाही, पण ही पद्धत माझ्या रोजच्या कामातली आहे. आमच्याकडे नव्या माणसाने लिहिलेला कोड एखाद्या सिनिअरने तपासल्याशिवाय सहसा पुढे जात नाही. बैठकीत मुद्दा कसा मांडायचा, 'या मुदतीत हे काम होणार नाही' हे वरिष्ठांना कसे सांगायचे, हे मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी शिकवले नव्हते. ते मी शेजारी बसणाऱ्या सिनिअरकडून शिकलो. औषधाच्या काउंटरवर तर याची गरज कितीतरी जास्त आहे. तिथल्या चुकीची किंमत पेशंट मोजतो.

नेतृत्व म्हणजे नेमके काय, हे त्या काउंटरवरच पाहू. ओळखीचा माणूस चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागतो. '२०१४ पासून लागू असलेल्या शेड्यूल एच-१ मधल्या औषधांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते, पेशंटचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावे लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपावे लागते,' हे उत्तर परीक्षेत सगळ्यांना येते. पण समोर मोहल्ल्यातले चाचा उभे असताना, मालक मागून पाहत असताना, आदब राखून 'नाही' कसे म्हणायचे? चिठ्ठीतला डोस शंकास्पद वाटला तर डॉक्टरांना फोन करून काय बोलायचे? हे सांगायला वीस वर्षे काउंटर सांभाळलेला माणूसच लागतो.

अभ्यासक्रमाने यासाठी जागा ठेवलेली आहे. डी. फार्म.नंतर किमान तीन महिन्यांत पाचशे तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आहे. सहा वर्षांच्या फार्म. डी.चे शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे आहे. पण हे तास सही-शिक्क्यापुरते उरले, तर मुलगा दुकानात उभा राहतो आणि शिकत काहीच नाही.

यात खरा धोका पुढचा आहे. फार्मसी कायदा, १९४८ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. त्यामुळे नोंदणी हाती येताच 'सर्टिफिकेट लावून दे, महिन्याला पैसे घे, यायची गरज नाही' असे सांगणारे भेटतात. घरची ओढाताण असलेल्या, घरात पहिल्यांदाच पदवीधर झालेल्या मुलाला हा सौदा सोपा वाटतो. त्या दिवशी 'बेटा, हे करू नकोस, दुसरी वाट दाखवतो' असे म्हणणारा कुणी फोनवर असेल, तर एक पदवी वाचते. आणि त्या दुकानातले पेशंटही वाचतात.

ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत सिप्ला उभी केली, याचा आपल्याला अभिमान आहे. त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी २००१ मध्ये एचआयव्हीची औषधे दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केली, हेही आपण सांगतो. पण केंब्रिजमध्ये युसूफ हमीद यांच्या संशोधनाला अलेक्झांडर टॉड यांच्यासारखे मार्गदर्शक होते, हे कुणी सांगत नाही. मालेगाव किंवा अक्कलकुव्याच्या विद्यार्थ्याला हमीदसाहेबांचा फोटो पुरणार नाही. त्याला प्रश्न विचारता येईल असा माणूस लागेल.

जोड्या लावताना काही गोष्टी पाळाव्यात. मार्गदर्शक त्या विद्यार्थ्याचा परीक्षक किंवा मालक नसावा, नाहीतर मोकळेपणा येत नाही. महिन्यातून एक तास ठरलेला असावा. सुरुवातीलाच तीन उद्दिष्टे लिहून काढावीत. मुलींसाठी अनुभवी महिला फार्मासिस्ट शोधाव्यात आणि भेटी कॉलेजात किंवा कामाच्या ठिकाणीच व्हाव्यात, म्हणजे अम्मी-अब्बूही निश्चिंत राहतील. जोडी जमली नाही तर कुणालाही दोष न देता बदलता यावी. नोकरीचे आश्वासन कुणी देऊ नये आणि मागूही नये.

शिवाय वर्षात एक काम विद्यार्थ्याने स्वतः पार पाडावे. उदाहरणार्थ, रमजानच्या महिनाभर आधी मोहल्ल्यात मधुमेहींसाठी शिबिर. रोजा असताना ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने किंवा इन्सुलिनने साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून डोस आणि वेळा आधीच डॉक्टरांना विचारून घ्या, हे लोकांना समजावायचे. डॉक्टरांना बोलवणे, जागा मिळवणे, मशिदीच्या विश्वस्तांशी बोलणे हे सगळे विद्यार्थी करील. मार्गदर्शक फक्त पाठीशी उभा राहील. यातून जे शिकायला मिळते, ते दहा व्याख्यानांतून मिळणार नाही.

अनुभवी मंडळी म्हणतील, वेळ कुठे आहे? महिन्याला एक तास म्हणजे वर्षाचे बारा तास. आपल्या शहरातल्या फार्मसी कॉलेजच्या प्राचार्यांना या आठवड्यात भेटा आणि एका विद्यार्थ्याची जबाबदारी मागून घ्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, कुणी येईल याची वाट पाहू नका. ज्यांचे काम तुम्हाला आवडते त्यांच्याकडे जा, सलाम करा आणि पहिला प्रश्न विचारा.