सीमारेषेवरचे रणजी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. मराठी बोलणारे पांढुर्णा आणि सौसर मात्र मध्य प्रदेशातच राहिले. ती रेघ जरा वर सरकली असती, तर इथली पोरं विदर्भाकडून खेळली असती आणि २०१७-१८, २०१८-१९, २०२४-२५ हे तीन रणजी करंडक आपले झाले असते. कल्पना गोड, पण अर्धवट. रेघ हलवली की २०२२ मध्ये बंगळुरूत मुंबईला सहा गडी राखून हरवल्याचा आनंदही सोडावा लागतो. शिवाय विदर्भाचे पहिले दोन करंडक आणि मध्य प्रदेशाचा तो एक, तिन्ही वेळी प्रशिक्षक चंद्रकांत पंडितच. मग श्रेय नकाशाला किती द्यायचं?

कोणी म्हणेल, या जर-तरला अर्थ काय? आहे, एकच गोष्ट बदलून बाकी हिशेब चोख ठेवला तर. १९९९ ची अंतिम लढत पंडितांच्याच नेतृत्वाखाली मध्य प्रदेश बंगळुरूच्या त्याच मैदानावर हरला होता. ती जिंकली असती, तर २०२२ मध्ये त्यांचे डोळे तसे भरून आले असते? मार्च २०२४ च्या उपांत्य सामन्यात विदर्भाने मध्य प्रदेशाला जामठ्यात ६२ धावांनी हरवलं. तेव्हा टाळी कुणासाठी वाजवलीत, ते पांढुर्णा-सौसरच्या वाचकांनी आम्हाला जरूर कळवावं.