अल बिरुनी तुकड्यांत वाचू नका

अल बिरुनीचं नाव हल्ली फॉरवर्ड्समध्ये बरंच फिरतं. एका ग्रुपवर तो 'हिंदू किती गर्विष्ठ' हे सांगणारा साक्षीदार असतो, दुसऱ्या ग्रुपवर 'महमूदाने हा देश कसा उद्ध्वस्त केला' याची कबुली देणारा मुसलमान. गंमत म्हणजे ही दोन्ही विधानं एकाच पुस्तकात, पहिल्याच अध्यायात, एकमेकांच्या शेजारी आहेत. कात्री कुठे लावायची एवढाच प्रश्न! आणि कात्री लावली की नेमका बिरुनीच गळून पडतो.

मुळात हा माणूस भारतात आला तोच नाइलाजाने. जन्म ९७३ चा, ख्वारझममधला, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानातला. तरुणपणीच इब्न सीनाशी पत्रातून कडाक्याचा वाद घातलेला, आणि वेगवेगळ्या लोकांच्या कालगणनांवर एक जाडजूड ग्रंथ लिहून झालेला. १०१७ मध्ये गझनीच्या महमूदाने ख्वारझम जिंकलं आणि तिथल्या विद्वानांबरोबर यालाही उचलून गझनीला नेलं. मालकाच्या स्वाऱ्या हिंदुस्थानावर चालू होत्या. अशा वेळी दरबारी पंडिताने काय करावं? विजयाची कवनं लिहावीत, बिदागी घ्यावी, स्वस्थ बसावं. या पठ्ठ्याने चव्वेचाळिशीच्या पुढे संस्कृत शिकायला घेतलं.

आपण पस्तिशीत नवीन फ्रेमवर्क शिकायचं म्हटलं तरी कुरकुरतो, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. बिरुनीही कुरकुरला आहेच. एका वस्तूला शंभर शब्द, एका शब्दाचे दहा अर्थ, शास्त्रसुद्धा श्लोकांत, आणि लेखनिक इतके बेफिकीर की दुसऱ्या नकलेपर्यंत मूळ पोथी ओळखू येईना. (डॉक्युमेंटेशनबद्दलच्या तक्रारी हजार वर्षं जुन्या आहेत, बघा.) पण तो थांबला नाही. पदरचे पैसे घालून पोथ्या जमवल्या, पंडित शोधले, सांख्य आणि पतंजलीचं योगशास्त्र अरबीत नेलं. उलट दिशेनेही, युक्लिड आणि टॉलेमी संस्कृतात आणायचं काम हाती घेतलं. १०३० च्या सुमारास ऐंशी अध्यायांचं पुस्तक तयार झालं, ते 'किताब अल-हिंद'. आपला 'मरहट्ट देश' त्यात येतो, आणि कोकणची राजधानी म्हणून ठाणेही. कोकणात शरभ नावाचा प्राणी असून त्याला पाठीवरही पाय असतात, अशीही एक नोंद आहे. असो, सगळंच काही पारखून घेता येत नाही.

मला त्याचा सगळ्यात आवडणारा भाग मूर्तिपूजेचा. स्वतः कट्टर एकेश्वरी, पण मूर्तिभंजक सुलतानाच्या राज्यात राहून तो लिहितो की शिकलेल्या हिंदूंचा देव निराकारच असतो, मूर्ती सामान्यांसाठी. आणि पुढे, सामान्य माणूस सगळीकडे सारखाच. एखाद्या अडाणी मुसलमानाला पैगंबराचं किंवा मक्केचं चित्र दाखवा, तोही त्याचं चुंबन घेईल. हे लिहायला छाती लागते राव. तसंच ब्रह्मगुप्ताचं. ग्रहण सावलीमुळे होतं हे पक्कं माहीत असून हा थोर गणिती राहूची बाजू का घेतो, यावर बिरुनी चिडतो. पण लगेच विचारतो, सॉक्रेटिसासारखी आपली गत होईल अशी भीती तर त्याला वाटली नसेल? टीका करताना समोरच्याची अडचण समजून घेणं आपल्या कमेंट्समधून पार हद्दपार झालंय.

हीच नजर दगडांवरही. पर्वताजवळ दगड मोठे, लांब गेलं की गोटे लहान, समुद्राकडे नुसती वाळू. त्यावरून त्याने ताडलं की उत्तरेचं मैदान पूर्वी समुद्र असावा आणि तो गाळाने भरत आला. हे वाचलं की मला हटकून आमच्या वर्धा जिल्ह्यातलं गिरड आठवतं. समुद्रपूर तालुक्यात शेख फरीदबाबांची टेकडी आहे, तिथे गोल गोल दगड सापडतात. व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली म्हणून त्यांच्या नारळांचे दगड झाले, ही लोककथा. झिओलाइटचे गोळे, हे जुन्या गॅझेटियरचं उत्तर. बिरुनी तिथे गेला असता तर त्याने दोन्ही लिहून घेतलं असतं, कथा कथा म्हणून आणि दगड दगड म्हणून, असं मला वाटतं.

आता कुणी म्हणेल, हजार वर्षांपूर्वीचं ठीक आहे, आज कोण दुसऱ्याचा ग्रंथ मुळातून वाचायला बसणार? तर वर्ध्यापासून जेमतेम आठ-दहा किलोमीटरवर, पवनारला धाम नदीच्या काठी, एक माणूस बसला होता. विनोबांचं 'गीताई' घरोघरी असतं, पण ते चाळिशीच्या आसपास अरबी शिकले आणि कुराण मूळ अरबीत वाचलं, हे आमच्याकडेही फार जणांना ठाऊक नसतं. साठच्या दशकात त्यांनी निवडक आयतींचं 'कुराण-सार' काढलं. बिरुनीला सुलतानाचा धाक होता, विनोबांना तोही नव्हता. दोघांनाही ही उठाठेव करायला कुणी सांगितलं नव्हतं. तरीही एक फरक आहे. विनोबा प्रेमाने जोडायला निघालेले, बिरुनीला जोडण्यात फारसा रस नव्हता. त्याला फक्त नीट समजून घ्यायचं होतं. मला आज बिरुनीचा रस्ता जास्त जमण्यासारखा वाटतो. प्रेम प्रत्येकाकडून होईलच असं नाही, वाचणं तरी होऊ शकतं.

साखाऊने १८८८ मध्ये केलेलं इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट आहे. दोन खंड बघून घाबरू नका. पहिला अध्याय वाचा, मग एकदम अकरावा, मूर्तींचा. दोन्ही मिळून एका रविवार दुपारचं काम. आणि पुढचा फॉरवर्ड आला की पाठवणाऱ्याला पान नंबर विचारा :)