‘उतरणे’ आणि ‘पुट अप’: पंचवटीच्या घाटावरून

पंचवटीत आलेला यात्रेकरू आधी धर्मशाळेत उतरतो आणि मग रामकुंडात उतरतो. क्रियापद एकच, पहिल्या वाक्यात मुक्काम, दुसऱ्यात पायऱ्यांवरून पाण्याकडे जाणे. इंग्रजीत मात्र या मुक्कामाला ‘पुट अप’ म्हणतात, म्हणजे दिशा नेमकी उलटी. मराठी माणूस जेथे उतरतो तेथे इंग्रजीत ‘अप’ कसे, असे वर्गात कोणी विचारलेच, तर ठरलेले उत्तर मिळते: याला नियम नाही, पाठ करा.

हे उत्तर आळशी आहे, आणि इतिहासाला धरूनही नाही.

‘उतरणे’ची व्युत्पत्ती पाहावी. संस्कृत ‘उत्’ म्हणजे वर, ‘तृ’ म्हणजे तरून जाणे. पाण्यातून बाहेर येणे, पैलतीर गाठणे हा मूळ अर्थ. नाव काठाला लागली की प्रवासी नावेतून पाय खाली टाकतो आणि बहुधा तेथेच मुक्कामही करतो. ‘खाली येणे’ आणि ‘राहणे’ हे दोन्ही अर्थ त्या काठावर एकत्र भेटतात. ‘उतारू’ हा शब्दही तेथलाच. ‘उत्’ शब्दात राहिला, पण त्यातला ‘वर’ आता कोणालाही ऐकू येत नाही. आज रामकुंडाच्या पायऱ्या उतरणारा भाविक, पूर्वी पाण्याबाहेर येण्यासाठी असलेले क्रियापद पाण्यात शिरण्यासाठी वापरतो! ‘विसरणे’तला ‘वि’ आणि ‘पसरणे’तला ‘प्र’ असेच मुके झाले आहेत.

वैदिक भाषेत हे उपसर्ग धातूला जखडलेले नव्हते. मध्ये दुसरे शब्द येत, कधी उपसर्ग धातूच्या मागूनही येई. पाणिनीने वेदभाषेपुरत्या या दोन्ही सवलती सूत्रांत नोंदवल्या आहेत. काळाराम मंदिराच्या दारात परदेशी पाहुण्याला ‘टेक ऑफ युवर शूज’ म्हणा किंवा ‘टेक युवर शूज ऑफ’ म्हणा, अर्थ तोच राहतो. ‘ऑफ’ची ही मोकळीक वैदिक उपसर्गाच्या मोकळिकीची दूरची चुलत बहीण म्हणावी.

फरक पुढच्या वाटचालीत पडला. अभिजात संस्कृताने उपसर्ग धातूच्या पुढे कायमचा बांधला. जुन्या इंग्रजीतही असे बांधलेले उपसर्ग पुष्कळ होते. ‘अंडरस्टँड’, ‘विथस्टँड’ ही त्यांची उरलेली रूपे. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतरच्या शतकांत त्यांतले बरेच गळाले आणि अप, आउट, ऑफ क्रियापदामागून चालू लागले. १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत सॅम्युअल जॉन्सनने या जोड्या परकीयांना सर्वांत अवघड जातात, हे कबूल केले. त्यांचे ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र लोगन पिअर्सॉल स्मिथच्या १९२५ च्या पुस्तकामुळे रूढ झाले. म्हणजे नाव शंभर वर्षांचे, डोकेदुखी कितीतरी जुनी.

आणि ती एकतर्फी नाही. मराठीत ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय सहसा एकटे फिरत नाही, त्याला नामाचा आधार लागतो. पण आधार मिळाला की तेही तितकेच खट्याळ होते. मनावर घेणे, जिवावर उठणे, मुळावर येणे. ‘अंगावर काढणे’ तर पाहाच: चप्पल काढतात ती पायातून, ताप मात्र अंगावर काढतात, म्हणजे औषधावाचून सोसतात. घटक शब्दांच्या अर्थांची बेरीज करून येथे कोणी पोहोचणार नाही. इंग्रजीतले ‘पुट अप विथ’ याच्या जवळपास येते, पण त्यात ताप नाही आणि अंगही नाही.

मराठी मुलाला इंग्रजी लहरी वाटते आणि स्वतःची भाषा शिस्तीची. त्या समजुतीतून स्वतःच्या बुद्धीविषयीच शंका येऊ लागते. हा अन्याय पाठांतराच्या याद्या करतात. तोच मुलगा आहार, विहार, संहार, प्रहार एकाच ‘हृ’ धातूपासून होतात हे शाळेत सहज मान्य करतो. ‘गिव्ह अप’, ‘गिव्ह इन’, ‘गिव्ह अवे’ यांची गाठ त्या रांगेशी कोणी घालून देत नाही, एवढेच.

उलट्या बाजूने हा घाट चढलेला माणूस मोल्सवर्थ. त्याच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची. त्यात ‘अंग’ या एका शब्दाखाली वाक्प्रयोगांची लांबलचक रांग लागलेली दिसते. ते प्रयोग समजावून सांगायला मोल्सवर्थजवळ शास्त्रीमंडळी बसलेली होती.