भिंगातून दिसणारा कोळी

दिवाळीच्या साफसफाईत जळमटे झाडली जातात आणि त्यांच्याबरोबर कोळीही केरात जातात. स्वच्छता आवश्यकच आहे. परंतु ज्या जिवाकडे कधी नीट पाहिलेच नाही, त्याला किळसवाणा ठरवणे न्याय्य नव्हे. ही दृष्टी बदलण्याचे सामर्थ्य मॅक्रो छायाचित्रणात आहे.

या छायाचित्रणात इवल्याशा जिवाची प्रतिमा कॅमेऱ्याच्या संवेदकावर त्याच्या मूळ आकाराएवढी उमटते. मग भिंतीवरचा करडा ठिपका उडी मारणारा कोळी म्हणून समोर येतो. त्याच्या आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन टपोरे डोळे पाहणाऱ्यावरच रोखलेले असतात. बागेतला दुसरा एखादा कोळी जाळ्याच्या मध्यावर जाड नागमोडी रेघा विणताना दिसतो. डास-माश्या टिपणारे हे जीव माणसाचे साहाय्यकच होत.

उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या ठाणे जिल्ह्यात आढळलेल्या एका नव्या प्रजातीला २०२१ मध्ये ‘आयसियस तुकारामी’ हे नाव देण्यात आले. मुंबईवरील २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात हुतात्मा झालेले पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांचा तो गौरव होय. दाट वस्तीच्या जिल्ह्यातही अनोळखी सृष्टी नांदते, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

मात्र छायाचित्रासाठी जाळे मोडणे, कोळ्याला डिवचणे किंवा तो निश्चल राहावा म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवणे सर्वथा अनुचित आहे. प्रतिमा किंचित अस्पष्ट आली तरी चालेल. कोळी आपल्या जागी सुखरूप राहिला पाहिजे. निरीक्षणातून आदर उपजला नाही, तर उत्तम कॅमेराही व्यर्थच ठरतो.