विश्लेषण : ‘महाराष्ट्र केसरी’ दोन का?

खंडाळ्यापासून जतपर्यंत जत्रांच्या फडात कुस्तीशौकिनांचा एक वाद हमखास रंगतो : खरा ‘महाराष्ट्र केसरी’ कोणता?

१९६१ पासूनची ही स्पर्धा महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात पृथ्वीराज पाटीलने गदा जिंकली, तोवर किताब एकच होता. त्याच वर्षी भारतीय कुस्ती महासंघाने शरद पवार अध्यक्ष असलेली परिषद बरखास्त केली आणि तेव्हाचे भाजप खासदार रामदास तडस यांच्या अध्यक्षतेखाली राज्य कुस्तीगीर संघ पुढे आला. परिषदेने मात्र माघार घेतली नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला, संघाच्या स्पर्धेत, सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवले. काही दिवसांतच परिषदेच्या धाराशिवच्या स्पर्धेत तोच राक्षे ‘केसरी’ झाला! २०२५ मध्येही अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, कर्जतला वेताळ शेळके.

महासंघाची मान्यता ज्याला, किताब त्याचा, असे एका गटाचे म्हणणे. दुसरा परंपरेकडे बोट दाखवतो. गदेच्या मानापेक्षा खरी अडचण कागदाची आहे. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी होते. तिथे संघटनेची मान्यता पाहिली जाते. जत्रेतला इनाम पाठ लावली की हातात पडतो, तिथे शिक्का कुणी विचारत नाही. पण नोकरीवर डोळा असलेल्या पैलवानाला निवड चाचणीला निघण्याआधी ती कोणत्या संघटनेची, हे विचारून घ्यावे लागते.