बंद चित्रगृहाचे कर्तव्य

एखाद्या जुन्या चित्रगृहाच्या दारावर 'दुरुस्तीसाठी तात्पुरते बंद' अशी पाटी लागली, की तीतील 'तात्पुरते' या शब्दावर नागरिकांचा विश्वास बसत नाही. आणि हा अविश्वास अनाठायी आहे असे आम्हांसही म्हणवत नाही. आज दुरुस्ती, उद्या भागीदारांतील वाद, परवा परवान्याची अडचण, आणि अखेर त्या जागी उभी राहिलेली व्यापारी इमारत, हा क्रम आता शहरवासीयांच्या अंगवळणी पडला आहे. परंतु चित्रगृहाचा अंत त्याच्या भिंती पडतात त्या दिवशी होतो, अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे. शुक्रवारी सायंकाळी त्या दाराकडे वळणारी पावले दुसरीकडे वळू लागतात, तेव्हाच तो होऊन गेलेला असतो. म्हणूनच दारे बंद असतानाच्या काळात चित्रगृहाने काय करावे, हा प्रश्न त्याच्या जीवनमरणाचा आहे.

या बाबतीत इंग्लंडमधील लीड्स शहराचे उदाहरण मननीय आहे. तेथील 'हाइड पार्क पिक्चर हाउस' हे लहानसे चित्रगृह 7 नोव्हेंबर 1914 रोजी, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत सुरू झाले. प्रेक्षागारात आजही गॅसवर जळणारे दिवे असलेले हे जगातील बहुधा एकमेव चित्रगृह मानले जाते. 1989 साली ते बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा नगरपालिकेने पुढे होऊन ते वाचविले. 2020 साली साथीमुळे त्याची दारे मिटली. पाठोपाठ नूतनीकरणाचे मोठे काम निघाले, आणि ती पुन्हा उघडावयास जून 2023 ची अखेर उजाडली. तीन वर्षांहून अधिक काळ! एवढ्या अवधीत प्रेक्षकांची एक पिढी सवय मोडून घरच्या पडद्यासमोर कायमची स्थिरावू शकते.

तथापि त्या चित्रगृहाच्या चालकांनी कुलूप लावून स्वस्थ बसणे पत्करले नाही. आपल्या वास्तूत खेळ करता येत नाही, तर शहरातील इतर सभागृहांत करू, असे ठरवून त्यांनी 'ऑन द रोड' या नावाने फिरते खेळ सुरू केले. प्रेक्षक चित्रगृहात येऊ शकत नव्हते, तेव्हा चित्रगृहच प्रेक्षकांकडे गेले. परिणामी, तळघरातील 50 आसनांचा नवा पडदा आणि अपंगांनाही सुलभ झालेले प्रवेशद्वार घेऊन ती वास्तू पुन्हा उघडली, तेव्हा तिला नवा प्रेक्षक शोधीत फिरावे लागले नाही.

ही कल्पना परकी आहे असे कोणी म्हणू नये. 3 मे 1913 रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' झळकला, आणि त्यानंतर थोड्याच काळात चित्रपट गावोगाव फिरू लागला. महाराष्ट्रातील यात्राजत्रांतून तंबू ठोकून खेळ करणाऱ्या फिरत्या टॉकीजची परंपरा आपल्या परिचयाची आहे. पक्क्या भिंती नसतानाही चित्रपट दाखविता येतो, हे लीड्सकरांनी आपणांस शिकवावे, असे मुळीच नाही. आपणच ते विसरलो आहोत.

या विस्मृतीची किंमत आपण मोजली आहे. मार्च 2020 मध्ये राज्यातील चित्रगृहे बंद झाली. नोव्हेंबरमध्ये निम्म्या आसनांसह ती उघडली, एप्रिल 2021 मध्ये पुन्हा मिटली आणि 22 ऑक्टोबर 2021 रोजी पुन्हा उघडली. या हेलकाव्यांत एकपडदा चित्रगृहांपैकी कित्येकांना पुन्हा उभे राहता आले नाही. उलट मुंबईच्या 'मराठा मंदिर'ची गोष्ट पाहावी. ऑक्टोबर 1995 पासून तेथे चालू असलेला एकच चित्रपट फेब्रुवारी 2015 मध्ये उतरविण्याचे ठरले, तेव्हा प्रेक्षकांच्या आग्रहाने तो निर्णय फिरविला गेला. साथीतील पहिल्या बंदीनंतरही तो चित्रपट पुन्हा पडद्यावर आला. प्रेक्षक आपल्या चित्रगृहावर हक्क सांगतो, तेथे ते सहजासहजी बुडत नाही.

लीड्सच्या चित्रगृहामागे सार्वजनिक निधी आणि नगरपालिका होती. आमच्याकडील मालकाच्या पाठीशी कोण आहे, असे येथील चालक विचारतील. हा आक्षेप रास्त आहे. उत्पन्न थांबले तरी मालमत्ता कर थांबत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु नाते टिकविण्याच्या सगळ्याच गोष्टींना पैसा लागतो असे नाही. काम का निघाले, कोठवर आले आणि दारे केव्हा उघडणार, हे प्रेक्षकांस दरमहा प्रामाणिकपणे कळविण्यास काय खर्च येतो? मुदत लांबली तर तसे सांगावे. लोक विलंब सहन करतात, मौन सहन करीत नाहीत. रविवारी सकाळी एखाद्या शाळेच्या सभागृहात खेळ लावावा. ज्यांचे हात यंत्रावर बसले आहेत आणि ज्यांना नेहमीचे प्रेक्षक चेहऱ्याने ओळखू येतात, अशा यंत्रचालकास व द्वाररक्षकास त्या निमित्ताने कामावर ठेवावे. ती माणसे एकदा पांगली, की नव्या खुर्च्यांनी त्यांची उणीव भरून निघत नाही.

नगरपालिकांनीही या प्रकरणी तटस्थ राहू नये. त्यांच्या मालकीची नाट्यगृहे ज्या सकाळी रिकामी असतात, त्या सकाळी ती दुरुस्तीसाठी बंद असलेल्या चित्रगृहांना अल्प भाड्याने द्यावीत. यात पालिकेचे नुकसान नाही. झाला तर लाभच आहे.

आणि वाचकांसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. चित्रगृह पाडले गेल्यावर हळहळणारे लेख आपण आवडीने वाचतो. ते बंद असताना 'कधी उघडणार?' म्हणून विचारावयास मात्र जात नाही. आपल्या भागातील चित्रगृहावर अशी पाटी लागली, तर पहिल्याच आठवड्यात चालकांना तो प्रश्न विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे. पाटीवरील 'तात्पुरते' हा शब्द खरा ठरविण्याची जबाबदारी मालकाइतकीच आपलीही आहे.