समाजशास्त्र आणि अरबी

मुलीने समाजशास्त्र घेतले की घरात पहिला प्रश्न, 'याला नोकरी कुठे?' त्यात ती परदेशी भाषाही शिकायची म्हणाली, तर अब्बा म्हणतात, एकच काहीतरी नीट कर. आमचे मत उलटे आहे. वेबरने जर्मनमध्ये लिहिले, दुर्खीमने फ्रेंचमध्ये. आणि ट्युनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खल्दूनने १३७७ साली 'मुकद्दमा' लिहिला तो अरबीत. माणसांना एकत्र बांधणाऱ्या ताकदीला तो 'असबिया' म्हणतो. भाषांतरात त्याची कधी 'गटभावना' होते, कधी 'ऐक्य'. वारसाहक्कात आपण पित्याकडच्या वारसांना 'असबा' म्हणतो, त्याच मुळातला हा शब्द. हे नाते अरबी जाणणाऱ्यालाच दिसते.

मक्तबमुळे आपल्या मुलींना लिपी येतेच, अर्थ तेवढा राहून गेलेला असतो. (तो राहू का दिला, हा वेगळा विषय.) पहिले वर्ष व्याकरणातच जाते, 'मुकद्दमा' लगेच वाचता येत नाही, हेही मुलीला आधीच सांगावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांना मुभा दिली आहे. अट एवढीच, की तासांच्या वेळा एकमेकांवर येऊ नयेत. तेव्हा फी भरण्याआधी दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवून पाहा.